सामाईक समुद्र, विभागलेली सत्ता : सिंधुदुर्ग–गोवा किनाऱ्यावरील सीमापार सहकार्याचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

समुद्र ही निसर्गाने दिलेली सामाईक संपत्ती असली, तरी तिच्या काठावरील सत्ता इतिहासात क्वचितच एक असते. एकाच समुद्राच्या भोवती वसलेली नगरे, जिल्हे आणि प्रांत निरनिराळ्या राजवटींखाली असतात. मासळी, वारे, प्रवाह आणि प्रदूषण यांना मात्र त्या राजवटींच्या सीमा ठाऊक नसतात. या विसंगतीवर उपाय म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपमध्ये स्थानिक व प्रादेशिक संस्थांच्या सीमापार सहकार्याची कल्पना पुढे आली. युरोप परिषदेने १९८० साली माद्रिद येथे अशा सहकार्याला कायदेशीर चौकट देणारा करार मान्य केला. १९९१ मध्ये पोलंडमधील ग्दान्स्क येथे बाल्टिक समुद्राकाठच्या नगरांचा संघ स्थापन झाला, तर २००६ मध्ये क्रोएशियातील पुला येथे एड्रियाटिक समुद्राभोवतीच्या प्रादेशिक सत्तांनी आपली संघटना उभी केली. या साऱ्या प्रयत्नांमागे एकच विचार होता. समुद्राचे प्रश्न केवळ राजधान्यांमध्ये सुटत नाहीत, किनाऱ्यावरील माणसांच्या जवळची सत्ता त्यात सहभागी असावी लागते.

हा प्रश्न युरोपपुरता मर्यादित नाही. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याला पारंपरिक मोजणीनुसार सुमारे १२१ किलोमीटरचा किनारा लाभला आहे. तेरेखोल नदी ओलांडली की गोव्याचा सुमारे १०५ किलोमीटरचा किनारा सुरू होतो आणि त्यापुढे कर्नाटकातील कारवार येते. तीन राज्ये, अनेक जिल्हे, शेकडो ग्रामपंचायती आणि समुद्र मात्र एकच, अशी ही स्थिती आहे. गड नदीकाठचे कणकवली हे स्वतः किनाऱ्यावरील गाव नव्हे. तथापि महामार्ग, कोकण रेल्वे आणि फोंडाघाटाकडे जाणारा रस्ता येथे एकत्र येत असल्याने किनाऱ्याच्या अर्थव्यवहाराचे बरेवाईट परिणाम या बाजारपेठेपर्यंत पोहोचतात.

अभ्यासाचा हेतू व गृहीतक

प्रस्तुत निबंधात सोळाव्या शतकापासून आजपर्यंत या किनाऱ्यावरील सत्तांनी परस्परांशी केलेल्या व्यवहारांचा आढावा घेतला आहे. निबंधाचे गृहीतक असे की, या प्रदेशात सीमापार सहकार्य जेथे झाले, तेथे ते मोजता येणाऱ्या आणि वाटून घेता येणाऱ्या वस्तूंबाबत झाले : जकात, मीठ, धरणाचे पाणी, रेल्वेचे भांडवल. प्रत्यक्ष समुद्राबाबत मात्र परवाना आणि दंड हीच दोन साधने दीर्घकाळ वापरात राहिली. सामाईक समुद्रासाठी सामाईक संस्था निर्माण झाली नाही, आणि या उणिवेची सर्वांत मोठी किंमत पारंपरिक मच्छीमारांना मोजावी लागली.

परवान्यांचा समुद्र (१५१०–१८१२)

१५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतल्यानंतर पोर्तुगीजांनी पश्चिम किनाऱ्यावर कार्ताझ ही परवानापद्धती रूढ केली. पोर्तुगीजांचा परवाना न घेता निघालेले जहाज जप्तीस पात्र ठरे, आणि परवाना घेतलेल्या जहाजाला नेमून दिलेल्या बंदरात जकात भरावी लागे. समुद्र ही कोणाची मालमत्ता असू शकते आणि तिचा वापर कागदाच्या तुकड्यावर अवलंबून असू शकतो, ही कल्पना या किनाऱ्यावर अशी रुजली.

मराठ्यांनी या कल्पनेला आव्हान दिले, परंतु तिचा त्याग केला नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मालवणजवळील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली, ती समुद्रावर स्वतःची सत्ता असावी म्हणूनच. पुढे कान्होजी आंग्रे यांनी आपले दस्तक देण्यास आरंभ केला आणि ते न बाळगणारी जहाजे पकडली. अर्थात परवाना देणारा बदलला, परवान्याची रीत तीच राहिली.

जमिनीवरील सरहद्दही याच काळात आखली जात होती. गोव्याच्या आश्रयाने कारवाया करणाऱ्या देसायांचा प्रश्न १६६७ च्या बारदेशवरील स्वारीच्या मुळाशी होता आणि त्यानंतरच्या तहातही तो आला. सावंतवाडीकरांनी बांधलेला तेरेखोलचा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. पेडणे महाल १७८८ मध्ये त्यांच्याकडे गेला. तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर असूनही तेरेखोल गाव आज गोव्यात आहे, याचे कारण या अठराव्या शतकातील घटनाक्रमात सापडते. नदीने आखलेली सीमा एका किल्ल्यापुरती इतिहासाने मोडली.

१८१२ मध्ये कोल्हापूरकरांनी सिंधुदुर्ग व मालवण, तर सावंतवाडीकरांनी वेंगुर्ले इंग्रजांच्या स्वाधीन केले. या तहांमागचे प्रमुख कारण समुद्रावरील लूटमार थांबवणे हे होते. वेंगुर्ले हे सतराव्या शतकात डचांच्या वखारीचे ठिकाण होते. अशा रीतीने पन्नास-साठ मैलांच्या पट्ट्यात कोल्हापूर, सावंतवाडी, पोर्तुगीज, डच आणि इंग्रज अशा पाच सत्तांचा वावर झालेला दिसतो. त्यांच्यात तह अनेक झाले, परंतु ते जहाजे, किल्ले आणि जकातीविषयी होते. किनाऱ्यावर जाळे ओढणाऱ्या माणसाचा त्यात उल्लेख असण्याचे कारण नव्हते.

सामाईक जकातीचा प्रयोग (१८७८–१८९२)

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रदेशात सीमापार सहकार्याचा एक मोठा प्रयोग झाला. २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला व तो १८८० च्या जानेवारीत अमलात आला. त्यानुसार ब्रिटिश हिंदुस्थान आणि पोर्तुगीज हिंदुस्थान यांच्यामधील जमिनीवरील जकातनाकी उठवण्यात आली आणि दोन्हीकडे समान जकातदर लागू झाले. गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले. त्या बदल्यात गोवा सरकारला दरसाल ४ लाख रुपये देण्याचे ठरले. मुरगाव बंदरापासून सरहद्दीपर्यंत लोहमार्ग बांधण्याची योजनाही याच कराराचा भाग होती.

कागदावर पाहता हा करार आधुनिक वाटावा असा होता. सामाईक बाजारपेठ, समान कर आणि सामाईक दळणवळण ही त्याची तीन अंगे होती. मात्र करार करणाऱ्यांत स्थानिक कोणीही नव्हते. मिठागरांवर जगणाऱ्या गोव्यातील कुटुंबांच्या उपजीविकेवर आघात झाला आणि असंतोष वाढला. बारा वर्षांची मुदत संपल्यावर १८९२ च्या जानेवारीत करार संपुष्टात आला आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. जकातनाकी पुन्हा उभी राहिली.

या प्रयोगाचा धडा महत्त्वाचा आहे. सहकार्याचा लाभ दोन्ही सरकारांच्या तिजोऱ्यांच्या भाषेत मोजला गेला आणि त्याचा भार मात्र ज्यांचे मत कोणी विचारले नव्हते त्यांच्यावर पडला. वरून आलेले सहकार्य खालच्या आधाराविना टिकत नाही, हे येथे प्रथम स्पष्ट झाले.

सरहद्दीपलीकडचा समाज

राजकीय सीमा आखल्या गेल्या तरी समाजजीवन एकसंध राहिले. गाबीत आणि खारवी या मासेमारी करणाऱ्या समाजांची वस्ती सिंधुदुर्ग, गोवा आणि कारवार या सलग पट्ट्यात आढळते. सोयरिकी, कुलदैवते, जत्रा आणि दशावतारी नाटके यांनी तेरेखोल नदीची दोन्ही तीरे जोडलेली आहेत. मुंबईहून निघणारी प्रवासी बोट विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीला जात असे, तोवर समुद्र हाच या प्रदेशाचा हमरस्ता होता.

गोवा मुक्तिसंग्रामाच्या काळात ही सरहद्द प्रत्यक्ष रणभूमी झाली. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा फडकवला. पुढील वर्षी त्याच दिवशी बांद्याजवळील पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर सरहद्द बंद झाली आणि ये-जा थांबली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ३४,०२१ मतांच्या आधिक्याने गोव्याने महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले आणि ३० मे १९८७ रोजी त्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला.

विलीनीकरणाच्या बाजूचे व विरोधी युक्तिवाद सुपरिचित आहेत. येथे लक्षात घ्यावयाची बाब वेगळी आहे. त्या वादात भाषा, संस्कृती आणि अस्मिता यांची चर्चा विपुल झाली. दोन स्वतंत्र प्रशासने राहिली तर मधल्या समुद्राचे काय, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

हिशेबात बसणारे सहकार्य : तिलारी व कोकण रेल्वे

घटक राज्य झाल्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, १९९० साली, महाराष्ट्र आणि गोवा यांच्यातील सहकार्याचे दोन मोठे उपक्रम आकाराला आले.

पहिला तिलारी आंतरराज्य पाटबंधारे प्रकल्प. धरण आजच्या दोडामार्ग तालुक्यात आणि लाभक्षेत्राचा मोठा भाग गोव्यात, अशी त्याची रचना आहे. १९९० च्या करारानुसार खर्चाचा व पाण्याचा वाटा गोव्याकडे ७३.३ टक्के आणि महाराष्ट्राकडे २६.७ टक्के असा ठरला आणि देखरेखीसाठी दोन्ही राज्यांचे नियंत्रण मंडळ नेमण्यात आले. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र दीर्घकाळ रेंगाळला. जमीन महाराष्ट्रात बुडाली आणि मुख्य लाभार्थी राज्य गोवा, तेव्हा नोकरी कोणी द्यावयाची या वादात प्रकल्पग्रस्तांची अनेक वर्षे आंदोलनात गेली. अखेरीस नोकरीऐवजी एकरकमी रक्कम हा तोडगा निघाला. तो सर्वांना समाधानकारक होता असे म्हणता येत नाही, परंतु भांडण मांडण्यासाठी एक अधिकृत व्यासपीठ उपलब्ध होते, हे नाकारता येणार नाही.

दुसरा उपक्रम कोकण रेल्वे महामंडळाचा. मधू दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना जुलै १९९० मध्ये ते स्थापन झाले. भागभांडवलात भारतीय रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के होता. अरबी समुद्राकाठच्या चार राज्यांनी एका कामासाठी एकत्र पैसा घालण्याचा हा उल्लेखनीय प्रसंग होय. गोव्यातील मार्गाच्या आखणीवरून १९९३ मध्ये तीव्र वाद झाला, न्यायमूर्ती ओझा आयोग नेमला गेला, पण प्रकल्प सोडून दिला गेला नाही. १९९८ च्या जानेवारीत संपूर्ण मार्ग खुला झाला आणि कणकवली मुंबई, मडगाव व मंगळूरशी थेट जोडली गेली. पुढे विस्तारासाठी भांडवलाची चणचण भासू लागल्याने महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्याचा विचार पुढे आला आणि २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही त्यास संमती दिली. संयुक्त संस्थाही अमर नसते. तरीही तिने आपले मूळ कार्य पूर्ण केले.

या दोन्ही उदाहरणांत तीन गोष्टी समान आहेत : ठरलेला वाटा, संयुक्त संस्था आणि वाद सोडवण्याची जागा. म्हादई नदीच्या पाण्याबाबत महाराष्ट्र, गोवा व कर्नाटक यांच्यात मोठा संघर्ष झाला, पण तेथेही लवाद नेमला गेला, २०१८ मध्ये निवाडा आला आणि २०२३ मध्ये केंद्राने तिन्ही राज्यांसाठी प्राधिकरणास मंजुरी दिली. नदी समुद्राला मिळेपर्यंत तिच्या पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणा अशा उभ्या राहिल्या. मुखाशी मात्र त्या संपतात.

हिशेबाबाहेरचा समुद्र : मासेमारीचा प्रश्न

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मत्स्यव्यवसाय हा राज्यांचा विषय आहे, तर प्रादेशिक जलधीपलीकडील मासेमारी हा केंद्राचा. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने प्रादेशिक जलधीची मर्यादा १२ सागरी मैल निश्चित केली. या बारा मैलांसाठी गोव्याने १९८० मध्ये, महाराष्ट्राने १९८१ मध्ये आणि कर्नाटकाने १९८६ मध्ये आपापले सागरी मासेमारी नियमन कायदे केले.

या कायद्यांच्या मागे किनाऱ्यावरील संघर्ष होता. रापण ही या किनाऱ्याची जुनी सामूहिक पद्धत. मासळीचा थवा किनाऱ्याजवळ आला की होडीतून जाळे टाकून त्याला वेढावयाचे, दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेक हातांनी ओढावयाची आणि मिळालेली मासळी ठरलेल्या वाट्याने वाटून घ्यावयाची, असे तिचे स्वरूप असते. यांत्रिक ट्रॉलर आले तेव्हा या पद्धतीवर पहिला घाला पडला. १९७० च्या दशकात गोव्यातील रापणकारांनी माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन उभारले आणि किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात यांत्रिक नौकांना बंदी असावी ही मागणी देशभर पोहोचली. नंतर पर्ससीन जाळी आली. बांगडा व तारली यांचे थवे किनाऱ्याकडे येण्यापूर्वीच समुद्रात वेढले जाऊ लागले आणि रापणीच्या वाट्याला रिकामे जाळे येऊ लागले.

महाराष्ट्राने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशान्वये पर्ससीन मासेमारीवर काळ, क्षेत्र आणि परवान्यांची संख्या यांची बंधने घातली. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन दंडाची रक्कम लाखांच्या घरात गेली. प्रखर दिव्यांच्या साह्याने होणाऱ्या मासेमारीला केंद्राने २०१७ मध्ये मनाई केली. तथापि पर्ससीनविषयीचे गोवा व कर्नाटकातील नियम महाराष्ट्रापेक्षा निराळे आहेत. परिणामी तेरेखोलच्या मुखापासून समुद्रात जाणाऱ्या एका अदृश्य रेषेच्या दक्षिणेस जी नौका परवानाधारक असते, तीच उत्तरेस गुन्हेगार ठरते. मालवण व वेंगुर्ल्याच्या मच्छीमारांनी परराज्यांतील वेगवान ट्रॉलर्सविरुद्ध वारंवार तक्रारी केल्या, काही वेळा समुद्रातच संघर्ष झडले. अशा प्रसंगी नौका पकडणे आणि दंड करणे यापलीकडे शासनाजवळ उपाय नसतो. कार्ताझ आणि दस्तक यांचा तर्क येथे नव्या रूपात कायम आहे.

पावसाळी बंदीचे उदाहरण मात्र आश्वासक आहे. पूर्वी प्रत्येक राज्याच्या बंदीच्या तारखा वेगळ्या असत आणि ज्या राज्याची बंदी आधी उठे त्याच्या नौकांना शेजाऱ्याच्या आधी समुद्रात उतरण्याची संधी मिळे. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची समान यांत्रिक मासेमारीबंदी लागू झाली. एका सामाईक नियमाने एक जुना वाद बराच कमी केला. मात्र हा नियमही केंद्राकडून आला, तीन राज्यांच्या परस्पर चर्चेतून नव्हे.

बाजारपेठही सामाईक आहे. सिंधुदुर्गातील मासळीला गोव्यात मोठी मागणी असते. २०१८ मध्ये मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या तक्रारीनंतर गोवा सरकारने परराज्यांतील मासळीवर बंदी व नंतर नोंदणी आणि उष्णतारोधक वाहनांच्या अटी घातल्या. अन्नसुरक्षेचा हेतू योग्यच होता, परंतु लहान वाहनातून पहाटे सरहद्द ओलांडणाऱ्या सिंधुदुर्गातील विक्रेत्याला या अटी पेलणे कठीण होते. दोन्ही बाजूंच्या स्थानिक संस्थांची बैठक होऊन तपासणीची व्यवस्था ठरली असती, तर प्रश्न राजकीय इशाऱ्यांपर्यंत गेला नसता.

स्थानिक संस्थांचे स्थान

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय हा पाचवा विषय आहे. म्हणजे पंचायतराज संस्थांकडे सोपवावयाच्या विषयांत तो आहे. प्रत्यक्षात किनाऱ्यावरील ग्रामपंचायतीला भरतीच्या रेषेपलीकडे कोणताही प्रभावी अधिकार नाही. १९८७ मध्ये घोषित झालेल्या २९.१२ चौरस किलोमीटरच्या मालवण सागरी अभयारण्याला स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला, त्याच्या मुळाशी समुद्राविषयीचे निर्णय किनाऱ्यावर होत नाहीत, ही भावना होती.

राज्यांमधील चर्चेसाठी १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने विभागीय परिषदा निर्माण केल्या. त्यांत महाराष्ट्र व गोवा पश्चिम विभागीय परिषदेत आहेत, तर कर्नाटक दक्षिण विभागीय परिषदेत. मालवणच्या समुद्रात ज्या तीन राज्यांच्या नौका एकमेकींसमोर येतात, ती तीन राज्ये एकाच परिषदेचे नियमित सदस्य नाहीत. जमिनीच्या नकाशावरून आखलेल्या विभागांत समुद्राचा विचार झाला नव्हता, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या प्रवाळसमृद्ध आंग्रिया बँकेचा विषय तर राज्यांच्या बारा मैलांच्या कितीतरी पलीकडचा आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. सिंधुदुर्ग–गोवा किनाऱ्यावर सीमापार सहकार्याची परंपरा आहे, परंतु ती वाटा ठरवता येणाऱ्या विषयांपुरती आहे. १८७८ चा करार, तिलारी आणि कोकण रेल्वे ही त्याची उदाहरणे होत.

२. समुद्राबाबत मात्र सोळाव्या शतकापासून परवाना व जप्ती हीच रीत चालत आली. राजवटी बदलल्या, साधने तीच राहिली.

३. १८७८ च्या कराराचा अनुभव सांगतो की, स्थानिकांच्या सहभागाविना केलेले सहकार्य टिकत नाही. तिलारीचा अनुभव सांगतो की, सदोष असली तरी संयुक्त संस्था असणे हे ती नसण्यापेक्षा बरे.

४. ६१ दिवसांच्या समान बंदीने सामाईक नियम शक्य असल्याचे दाखवून दिले आहे. त्यापुढील पायरी म्हणजे सिंधुदुर्ग, गोवा व उत्तर कन्नड येथील किनारी पंचायती, मालवण व वेंगुर्ल्यासारख्या नगरपरिषदा आणि मच्छीमार सहकारी संस्था यांची संयुक्त परिषद होय. परवानाधारक नौकांची सामाईक नोंद, जाळ्यांविषयी समान नियम आणि तंट्यांची पहिली सुनावणी एवढी तीन कामे जरी तिच्याकडे आली, तरी बराच संघर्ष समुद्रात न होता बैठकीत होईल.

रापणीच्या जाळ्याला दोन टोके असतात आणि दोन्हीकडील माणसांनी एकाच वेळी ओढले तरच मासळी किनाऱ्याला लागते. वाट्याचा नियम आधी ठरलेला असतो, म्हणून भांडण होत नाही. किनाऱ्यावरील निरक्षर पिढ्यांनी शतकानुशतके पाळलेली ही व्यवस्था राज्यांच्या स्तरावर आणणे अशक्य नाही. विलंब जितका होईल, तितकी वाटून घेण्याजोगी मासळी मात्र कमी होत जाईल.